जेम्स ओनील : पुत्राच्या साक्षीपलीकडे

यूजीन ओनीलचे ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ १९५६ साली, लेखकाच्या निधनानंतर रंगभूमीवर आले आणि त्याचा पिता, नट जेम्स ओनील, याच्या कारकिर्दीचा जणू कायमचा निकाल लागला. पैशाच्या मोहाने एकाच भूमिकेला स्वतःला जखडून घेतले व प्रतिभा गमावली, असा कबुलीजबाब नाटकातील जेम्स टायरन देतो. आणि टीकाकार तो निःशंकपणे पित्याच्या नावे मांडतात. परंतु पात्राची कबुली हा चरित्राचा पुरावा होऊ शकतो काय?

आयर्लंडमध्ये जन्मलेला हा नट बालपणीच अमेरिकेत आला व दारिद्र्यात वाढला. १८७४ मध्ये शिकागोत एडविन बूथसमवेत त्याने ऑथेल्लो आणि इयागो आलटूनपालटून रंगविले. १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिस्ताची भूमिका केल्याबद्दल त्याला अटकही झाली! ‘मॉन्टे क्रिस्टो’ १८८३ साली त्याच्याकडे आले तेही दुसऱ्या नटाच्या जागी. पुढे त्याने नाटकाचे हक्कच घेतले व हजारो प्रयोग केले. प्रेक्षकांना त्याच्याकडून दुसरे काही नको होते, हे टायरनही सांगतो. पण स्वतःच्या अपराधाच्या ओझ्याखाली ते सांगणे दबून जाते, आणि आपणही ते विसरतो.

१९१३ चा मूकपट उपलब्ध आहे. पण तोही निष्पक्ष साक्षीदार नव्हे. पासष्टी ओलांडलेला नट त्यात तरुण खलाशी झाला आहे. शिवाय ज्या वाणीवर त्याची कीर्ती उभी होती, तीच तेथे नाही. उरतात ते रंगमंचाच्या मापाने केलेले हातवारे. एवढ्यावरून त्याला कालबाह्य ठरविणे म्हणजे गायकाला छायाचित्रावरून जोखणे होय.

टायरनचा कंजूषपणा मराठीत आणताना मी पुष्कळ अडखळलो. ‘कृपण’ म्हटले की तिरस्कार येतो, ‘चिक्कू’ म्हटले की हसू. मूळ पात्रात आहे ती उपासमार पाहिलेल्या मुलाची भीती, आणि ती मात्र यूजीनने पित्याकडून अचूक उचलली आहे.

फेब्रुवारी १९२० मध्ये यूजीनचे ‘बियाँड द होरायझन’ न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आले, तेव्हा जेम्स प्रेक्षकांत होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो वारला. टायरन लिहिला गेला तो त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी.