सीता ते पीटा : व्याख्या बदलली, कलम राहिलं

मंडळी, बाईच्या देहाचा प्रश्न राजकीय कसा होतो, हे चिमूरकरांना आम्ही काय सांगावं? 1942 च्या ऑगस्टनंतर इथल्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी प्रदीर्घ उपोषण केलं. बाईचं म्हणणं ऐकायचं की नाही, असा तो प्रश्न होता. वेश्याव्यवसायाच्या कायद्यावरची चर्चाही शेवटी तिथंच येऊन अडते.

1868 मध्ये इंग्रजांनी सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. काळजी गोऱ्या शिपायाच्या प्रकृतीची, सक्तीची तपासणी मात्र बाईची! इंग्लंडातल्या तशाच कायद्याविरुद्ध 1871 मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी राजआयोगापुढे साक्ष दिली होती. इथला कायदा 1888 मध्ये रद्द झाला. बाई रोगाचं घर, ही समजूत काही रद्द झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर भाषा उद्धाराची झाली. 1956 चा कायदा इंग्रजी आद्याक्षरांमुळे ‘सीता’ म्हणून ओळखला गेला. काय योगायोग बघा! तो 1 मे 1958 ला लागू झाला आणि त्याच महिन्यात अलाहाबादच्या हुस्नाबाई उच्च न्यायालयात गेल्या. व्यवसायाचं स्वातंत्र्य राज्यघटनेनं दिलंय, ते आम्हाला का नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्ज फेटाळला गेला. पण आमच्या मते त्या काळातला सर्वांत तात्त्विक प्रश्न संसदेत नव्हे, त्या अर्जात होता. उद्धार करणाऱ्यांनी जिला मुकी समजलं, ती घटना वाचून आली होती.

1986 च्या दुरुस्तीनं सीतेचा ‘पीटा’ झाला. पूर्वीच्या व्याख्येत वेश्याव्यवसाय म्हणजे स्त्रीनं केलेलं कृत्य होतं; आता तो व्यक्तींच्या शोषणाचा प्रकार ठरला. म्हणजे गुन्हेगाराची ती पीडिता झाली. छान! पण जरा कलम 8 उघडून बघा. गिऱ्हाईकाला हाक मारली तर बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि तोच गुन्हा पुरुषानं केला तर जास्तीत जास्त तीन महिने. जिला पीडिता म्हणायचं तिलाच दुप्पट शिक्षा, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसतं? 2006 च्या विधेयकात हे कलम काढून गिऱ्हाईकाला शिक्षा द्यायची तरतूद होती. ते विधेयक पुढे बारगळलं.

आता लांब कशाला, आपलं नागपूर घ्या. ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी गंगा-जमुना वस्ती सील केली. आधार कलम 7 चा : देऊळ, शाळा, दवाखाना यांपासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय चालत नाही. दाट वस्तीच्या शहरात दोनशे मीटरमध्ये देऊळ नाही अशी जागा दाखवा बरं! धंदा गुन्हा नाही, पण तो करायला जागाही नाही. शेजारच्या रहिवाशांची तक्रार खोटी होती असं आम्ही म्हणत नाही. लेकीबाळींना त्या रस्त्यानं जाताना त्रास होतो, हे खरंच आहे. पण वस्ती उठवली तर त्या बायका कुठं जाणार, याचं उत्तर दोनशे मीटरच्या पट्टीनं मिळत नाही.

न्यायालयं पुढे सरकली आहेत. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सुधारगृहातल्या तीन सज्ञान स्त्रियांना सोडताना सांगितलं, की वेश्याव्यवसाय करणं हाच काही या कायद्याखाली गुन्हा नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानानं वागावं, असे निर्देश दिले.

सांगलीच्या बायकांनी तर संघटनेचं नावच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ठेवलं. आम्ही प्राध्यापक मंडळी सौम्य शब्द शोधत बसलो. त्यांनी जुनाच शब्द उचलला आणि त्याला ‘अन्याय’ जोडला. कलम 8 मात्र अजून जागेवर आहे.