पेशीविज्ञानांतील उपमा

विज्ञानाच्या ग्रंथांचें परीक्षण वैज्ञानिकांनींच करावें, साहित्यिकानें त्यांत तोंड घालूं नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. प्रयोग खरा कीं खोटा, आंकडे बरोबर कीं चूक, एवढाच प्रश्न असेल तर हा समज यथार्थ होय. परंतु प्रयोगशाळेंतून निघालेलें सत्य सामान्य वाचकापर्यंत येतें तेव्हां तें एकटें येत नाहीं. उपमा-रूपकांचा पोशाख करून येतें. त्या पोशाखाची परीक्षा करणें हें मात्र टीकाकाराचें काम आहे. गेल्या पन्नास वर्षांत पेशीविज्ञानानें जी मजल मारली तिचा वृत्तांत वृत्तपत्रांतून व लोकप्रिय पुस्तकांतून वाचतांना आम्हांस पदोपदीं असें वाटत आलें आहे कीं, शोध एक सांगतो आणि शब्द दुसरेंच सांगतात. पेशी ‘आत्महत्या’ करते, पेशी ‘बंड’ करते, म्हाताऱ्या पेशी म्हणजे ‘चालतीं प्रेतें’, आणि शरीर म्हणजे या सर्वांचें अखंड ‘रणांगण’! या शब्दांनीं काय साधलें व काय बिघडलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आरंभींच हें मान्य केलें पाहिजे कीं, उपमेवांचून या शास्त्राचें पाऊल पुढें पडलेंच नसतें. १६६५ मध्यें रॉबर्ट हूक यानें बुचाच्या पातळ कापांत दिसलेल्या कप्प्यांचें वर्णन केलें आणि त्यांस ‘सेल’, म्हणजे कोठडी, हें नांव दिलें. बुचांतील त्या कोठड्या रिकाम्या होत्या. जिवंत पेशी रिकामी नसते हें पुढें कळलें, पण नांव राहिलें तें राहिलेंच. आपला ‘पेशी’ हा शब्द याहून कितीतरी जुना. सुश्रुतानें शरीरांत पांचशें पेशी सांगितल्या त्या मांसाच्या. हिंदींत अद्यापिही पेशी म्हणजे स्नायु. मराठीनें तो शब्द उचलून नव्या अर्थानें रुळविला. समान रचनेच्या व समान कार्याच्या पेशींच्या समूहास आपण ‘ऊती’ म्हणतों. इंग्रजी ‘टिश्यू’ प्रमाणेंच याही शब्दाच्या मुळाशीं विणण्याची कल्पना आहे. ‘ओतप्रोत’ या आपल्या नेहमींच्या शब्दांत तेंच मूळ दडलेलें आहे. ही विणीची उपमा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

उपमा शास्त्रास वाट दाखविते, तशी ती त्यास आडवाटेलाही नेते. बर्लिनच्या रूडॉल्फ फिरखो यानें १८५८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत रोगाचें मूळ पेशींत शोधावयास शिकविलें. आजच्या विकृतिशास्त्राचा पाया तेथें आहे. फिरखो राजकारणांतही होता. १८४८ च्या क्रांतींत त्यानें भाग घेतला, पुढें प्रशियाच्या विधिमंडळांत बिस्मार्कशीं झुंज दिली. अशा पुरुषाला शरीर हें समान दर्जाच्या नागरिकांचें स्वतंत्र राज्य दिसावें यांत नवल नाहीं. त्याचाच विद्यार्थी हेकेल यानें वनस्पतींत पेशींचें प्रजासत्ताक पाहिलें, पण प्राण्यांत मात्र मज्जासंस्थेच्या हुकमतीखालील राजसत्ता पाहिली. दोघांपुढें पेशी त्याच होत्या. राज्यें निराळीं दिसलीं. पुढें विसाव्या शतकांत जर्मनींत राष्ट्र म्हणजे शरीर आणि नकोशीं माणसें म्हणजे त्यांतील रोग, ही भाषा बोकाळली. तिचा शेवट कोठें झाला हें जगास ठाऊक आहे. हा प्रकार आपणांसही अपरिचित नाहीं. ‘कोरिओलेनस’ नाटकाच्या पहिल्याच प्रवेशांत मेनेनियस हा भुकेल्या लोकांस पोटाची व अवयवांची गोष्ट सांगून शांत करूं पाहतो. आणि पुरुषाचें मुख, बाहू, मांड्या व पाय यांवरून वर्णांची उतरंड कायम करणारांनीं आपल्या देशांत शतकानुशतकें दुसरें काय केलें? शरीराकडून समाजाचे नियम शिकूं जाणारा मनुष्य बहुधा आपलेच नियम अगोदर तेथें ठेवून येतो.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. १९७२ मध्यें जॉन केर, अँड्रू वायली व अलास्टेर करी यांनीं ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’ मध्यें एक निबंध लिहिला. इजेनें किंवा विषानें मरणारी पेशी फुगते, फुटते आणि आजूबाजूस दाह माजविते. परंतु निरोगी शरीरांतही पेशी सतत मरत असतात, आणि त्यांचें मरण अगदीं निराळें असतें. पेशी आकसते, तिच्या केंद्रकांतील द्रव्य घट्ट होतें, तिचे आवरणांत बांधलेले लहान लहान तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून पचवितात. दाह नाहीं, व्रण नाहीं, मागें खूणही नाहीं. या मरणास नांव हवें होतें. अॅबर्डीन विद्यापीठांतील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनीं ‘अपॉप्टोसिस’ हा शब्द सुचविला. त्याचा अर्थ फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाचीं पानें गळून पडणें. मराठींत याला ‘पानगळ’ हा तयार शब्द आहे. परिभाषेंत इतकें निर्मळ व इतकें अचूक नांव क्वचितच आढळेल. पान गळतें तें झाड जगावें म्हणून, आणि गळण्याआधीं देंठाशीं जी तयारी होते तींत पान व फांदी या दोघांचाही भाग असतो.

दुर्दैवानें लोकप्रिय लेखनांत ही पानगळ टिकली नाहीं; तिच्या जागीं ‘आत्महत्या’ आली. या शब्दाला कांहींच आधार नव्हता असें नाहीं. एक मिलिमीटर लांबीच्या ‘सी. एलेगन्स’ नामक कृमीच्या देहांत, प्रजननपेशी वगळतां, १,०९० पेशी निर्माण होतात. त्यांपैकीं नेमक्या १३१ मरतात व ९५९ उरतात. सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ व जॉन सल्स्टन यांना २००२ चें नोबेल पारितोषिक मिळालें तें या कृमीवरील कार्याबद्दल. मरणास लागणारीं जनुकें मरणाऱ्या पेशीच्याच अंगीं असतात, हें त्यांतून सिद्ध झालें. शस्त्र तिच्याच हातीं, तेव्हां ही आत्महत्या, असा तर्क निघाला. पण २००१ मध्यें हॉर्विट्झ यांच्याच प्रयोगशाळेनें व दुसऱ्या एका गटानें असें दाखविलें कीं, हीं मारक जनुकें थोडीं दुबळीं केलीं तर मरणाच्या वाटेस लागलेली पेशी कधीं कधीं परत फिरते. आणि तिला फिरूं न देतां गिळून तिचें मरण पुरें करणारी तिची शेजारीण असते. त्यापूर्वींच, १९९२ मध्यें, लंडनचे मार्टिन रॅफ यांनीं याहून मूलगामी विचार मांडला होता. उंदराच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूस वेष्टण घालणाऱ्या ज्या पेशी जन्मतात त्यांपैकीं सुमारें निम्म्या मरतात. मात्र शेजाऱ्यांकडून येणारे जीवनाचे रासायनिक निरोप वाढवून दिले तर त्यांपैकीं पुष्कळ वांचतात. रॅफ यांचें म्हणणें असें कीं, शरीरांतील बहुतेक पेशींना जगण्यासाठीं असे निरोप सतत मिळावे लागतात. ते थांबले कीं त्या मरतात.

हा विचार आत्महत्येच्या कल्पनेच्या अगदीं उलट आहे. आत्महत्या या शब्दांत एक एकाकी मन, एक निराशा व एक निर्धार गृहीत असतो. पेशीला यांतलें कांहींच नाहीं. तिला आहे तो फक्त शेजार. तथापि शब्दाची मोहिनी अशी कीं, खुद्द रॅफ यांनींच १९९८ मध्यें ‘नेचर’ मध्यें लिहिलेल्या टिपणाचें शीर्षक ‘नवशिक्यांसाठीं पेशींची आत्महत्या’ असें आहे! मराठी लेखकांनीं तरी हा शब्द टाकावा अशी आमची विनंति आहे. ज्या घरावर तो घाला प्रत्यक्ष पडला आहे, त्या घरांतही मासिकें वाचलीं जातात.

शेजाराचें हें माहात्म्य शरीरांतील अस्तरांत अधिकच स्पष्ट होतें. आपल्या देहांत रोज सुमारें ३३,००० कोटी पेशी बदलल्या जातात, असा हिशेब वाइझमन संस्थेंतील रॉन सेंडर व रॉन मिलो यांनीं २०२१ मध्यें मांडला. त्यांत फार मोठा वांटा रक्ताचा, त्याखालोखाल आंतड्याच्या अस्तराचा. हें अस्तर तीन ते पांच दिवसांत नवें होतें. इतकी ये-जा चालूं असतां भिंतीला भगदाड मात्र पडतां कामा नये. पडलें तर अन्नमार्गांतील जंतु आंत शिरतील. जोडी रोझेनब्लाट यांनीं २००१ मध्यें सहकाऱ्यांसह यांतील युक्ति उलगडली. मरूं घातलेली पेशी शेजारणींस निरोप धाडते; त्या तिच्याभोंवतीं एक कडें तयार करतात; बटव्याची दोरी ओढावी तसें तें आवळलें जातें; पेशी वर ढकलली जाते आणि खालची जागा त्याच वेळीं मिटते. २०१२ मध्यें असें आढळलें कीं, दाटी फार झाली तर जिवंत पेशीही अशीच बाहेर काढली जाते व मरते ती त्यानंतर. उलट अस्तर ताणलें जाऊन विरळ झालें तर पेशी विभागून जागा भरून काढतात, हें २०१७ मध्यें दिसलें. या दोन्हीं कामांत ‘पिएझो-१’ हें एकच प्रथिन कारणीभूत आहे. दाब व ताण ओळखणाऱ्या या प्रथिनांच्या शोधाबद्दल आर्डेम पटापूटियन हे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले.

या संशोधनाचा पुढचा भाग पुष्कळ घरांतील दुखण्याशीं निगडित आहे. दम्याच्या झटक्यांत श्वासनलिका आवळतात. त्या आवळण्यानें अस्तरांत एवढी दाटी होते कीं पेशी नको तितक्या बाहेर फेंकल्या जातात, भिंत उघडी पडते आणि दाह वाढतो, असें रोझेनब्लाट यांच्या गटानें २०२४ मध्यें दाखविलें. येथें शत्रु कोण आणि बंडखोर कोण? जी व्यवस्था विरलेलें विणकाम सांधते, तीच ताण अतोनात झाल्यावर तें उसवते. युद्धाच्या भाषेंत ही गोष्ट सांगतांच येत नाहीं. विणीच्या भाषेंत सहज सांगतां येते.

‘जीवनकलह’ या उपमेचीही अशीच गत झाली आहे. १९७५ मध्यें माद्रिद येथें मोराता व रिपोल यांनीं फळमाशीवर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, मंद वाढणाऱ्या कांहीं पेशी एरवीं सुखानें जगतात, पण निरोगी पेशींच्या शेजारीं आल्या कीं नाहींशा होतात. ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय शरीरांतही चालतो, असें यावरून कोणीही म्हणेल. परंतु २००४ मध्यें त्याच माशींत असें आढळलें कीं, ‘मिक’ हें जनुक अधिक जोरानें चालणाऱ्या पेशी आपल्या धडधाकट शेजारणींसच मारून त्यांची जागा बळकावतात. हें जनुक कर्करोगांत वारंवार बिघडलेलें आढळतें. तेव्हां जिंकणारी पेशी ती शरीराच्या हिताची, असा सिद्धान्त बांधतां येत नाहीं.

याहून मोठा धक्का पुढें बसला. सँगर संस्थेंतील इन्यिगो मार्तिनकोरेना व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ मध्यें पापणीच्या निरोगी त्वचेची तपासणी केली. तेव्हां सुमारें चतुर्थांश पेशींत कर्करोगाशीं संबंधित जनुकांतील उत्परिवर्तनें सांपडलीं. २०१८ मध्यें अन्ननलिकेची तपासणी झाली. मध्यम वय उलटलेल्या निरोगी माणसांत तिचा अर्ध्याहून अधिक भाग अशा पेशींनीं व्यापलेला होता. इतकेंच नव्हे, तर ‘नॉच-१’ या जनुकांतील बिघाड कर्करोगाच्या गांठींपेक्षां निरोगी अस्तरांतच अधिक आढळला. पुढें २०२१ मध्यें फिलिप जोन्स यांच्या गटानें उंदरांत असें दाखविलें कीं, अन्ननलिकेंत नुकत्याच उद्भवलेल्या पुष्कळशा सूक्ष्म गांठी आसपासच्या अशाच बदललेल्या पेशी हुसकून लावतात. उंदरावरून माणसाबद्दल घाईनें अनुमान काढूं नये हें खरें. तरीही निरोगी ऊती म्हणजे निष्कलंक पेशींचा समूह, ही समजूत आतां टिकत नाहीं. डाग असलेल्या धाग्यांचेंही वस्त्र धड राहूं शकतें. वीण कशी आहे यावर पुष्कळ अवलंबून असतें.

‘चालतीं प्रेतें’ या अलंकारासंबंधीं थोडक्यांतच सांगणें पुरे. विभागणें थांबलेल्या पण न मेलेल्या वृद्ध पेशींस हें नांव मिळालें आहे. अकालीं म्हातारे होणाऱ्या उंदरांतून त्या काढून टाकल्यावर वार्धक्याचे कांहीं विकार लांबले, असें २०११ मध्यें दिसलें, आणि सरसकट संहाराची भाषा सुरू झाली. परंतु जखम भरण्यास याच पेशी मदत करतात हें २०१४ मध्यें आढळलें. प्रेत म्हटलें कीं त्याच्याकडून कांहीं कामाची अपेक्षा राहत नाहीं; नांवानेंच निकाल देऊन टाकलेला असतो.

येथें कोणी चतुर वाचक विचारील कीं, ‘शेजार’ आणि ‘वीण’ याही उपमाच नव्हेत काय? आहेत. आमचा आक्षेप उपमेवर नसून कसोटीस न लावलेल्या उपमेवर आहे. शेजार म्हटलें तर तो काढून पाहतां येतो, बदलून पाहतां येतो, आणि पेशीचें काय होतें तें मोजतां येतें. वर सांगितलेल्या बहुतेक प्रयोगांत केलें आहे तें हेंच. हौतात्म्य, बंड किंवा निराशा पेशींतून काढून पाहण्याची सोय नाहीं. तसेंच, पेशी शेजारावर जगतात म्हणून माणसांनींही समाजाच्या निरोपावरच जगावें, असा उपदेश कोणी यांतून काढील तर तोही आम्हांस मान्य नाहीं. माणसाला समाज सोडण्याचा व सुधारण्याचा अधिकार आहे. पेशीला तो नाहीं.

मराठींत विज्ञान लिहिणारांची संख्या वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनीं इंग्रजी मथळ्यांतले अलंकार जसेच्या तसे उचलण्यापूर्वीं क्षणभर थांबून मूळ प्रयोग काय सांगतो तें पाहावें. कारण हे शब्द मासिकाच्या पानांवर राहत नाहींत. ते रोग्याच्या खाटेपाशीं पोंचतात. कर्करोग झालेल्या माणसास ‘तुमच्याच पेशींनीं तुमच्याशीं द्रोह केला’ असें सांगितलें कीं तो आपल्या चुका आठवूं लागतो, घरचीं माणसें त्याच्या खाण्यापिण्याचा व संतापाचा जमाखर्च मांडूं लागतात, आणि उपचार हें युद्ध ठरल्यामुळें तो खंगला तर त्याला हरल्याची लाजही वाटते. याऐवजीं त्याला इतकें सांगतां येईल कीं, प्रत्येकाच्या अंगांत बिघडलेल्या पेशी असतात, ऊती बहुतेक वेळां त्यांस सांवरून घेतात, कधीं कधीं हें सांवरणें कमी पडतें, आणि औषधांचें काम त्यास हातभार लावण्याचें आहे. हें सांगणें आजच्या संशोधनाशीं अधिक प्रामाणिक आहे, आणि ऐकणाऱ्याला सोसवणारेंही आहे.