'आस लागली' या वाक्याचा कर्ता कोण?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घेतलेल्या मुलाखतींचं इंग्रजी करताना मी एका वाक्यापाशी अडकलो. खरं तर अडकलो उशिरा, आधी सरळ पुढे गेलो होतो. एक बाई म्हणाल्या होत्या, "पोरीला नोकरी लागावी, एवढीच आस लागलीय." मी लिहिलं, 'शी अ‍ॅस्पायर्स' वगैरे. 'अ‍ॅस्पिरेशन' हा शब्द आपल्या क्षेत्रात नाणं चालावं तसा चालतो. त्यामागे अर्जुन अप्पादुराई यांचा 'द कपॅसिटी टू अ‍ॅस्पायर' हा २००४ मधला निबंधही आहे. एक उद्धरण टाकलं की परिच्छेद पक्का, असं मला वाटलं.

मग कोडिंगचा तक्ता भरायला बसलो. पोरीच्या नोकरीसमोर 'अ‍ॅस्पिरेशन'. दारूसमोर 'क्रेव्हिंग'. नव्या मोबाइलसाठी हटून बसलेल्या मुलासमोर 'ऑब्सेशन'. तक्ता अगदी व्यवस्थित दिसत होता. सहज म्हणून मूळ मराठी पुन्हा काढलं, तर तिन्हीकडे क्रियापद एकच होतं. आस लागली, दारू लागली, मोबाइलचं वेड लागलं. चांगली इच्छा, आजारी इच्छा, पोरकट इच्छा ही प्रतवारी बोलणाऱ्यांनी केलेली नव्हती. ती माझी होती, आणि इंग्रजी शब्दांच्या पोटात बसून ती गुपचूप आत आली होती.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी इथे जरा थांबावं असं मला वाटतं. तीव्र इच्छेसाठी इंग्रजीत शब्द भरपूर आहेत: क्रेव्ह, यर्न, लाँग, हँकर, कव्हेट, लस्ट. कोशात ते शेजारीशेजारी दिसतात, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द निकाल सोबत घेऊन येतो. 'कव्हेट'ला बायबलमधल्या दहाव्या आज्ञेचा वास आहे. 'यर्न' कवितेत शोभतो, सर्वेक्षणाच्या अहवालात नाही. 'क्रेव्ह'ची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता हक्कानं मागणं, दावा सांगणं. पुढे त्याची याचना झाली, मग शरीराची ओढ. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' या नियमावलीत व्यसनविकाराच्या निकषांत 'क्रेव्हिंग'ची भर पडली. म्हणजे आता हा शब्द लिहिला की आपण नकळत निदानाच्या भाषेत शिरतो. माझ्या तक्त्यातल्या माणसाचं निदान करायचा अधिकार मला कुणी दिला होता?

दुसरी गोष्ट कर्त्याची. 'शी अ‍ॅस्पायर्स'मध्ये बाई कर्ता आहे, ती काहीतरी करते आहे. 'मला आस लागली'मध्ये क्रियापद आसेशी जुळतं आणि बाई 'मला' होऊन बाजूला उभी असते. भूक, तहान, ओढ, ध्यास, नाद, डोहाळे, सगळं असंच माणसाला लागतं. गंमत म्हणजे ही रचना इंग्रजीलाही कधीकाळी परकी नव्हती. आजचं 'लाँग' हे जुन्या इंग्रजीत 'मला लांबतं' अशा धाटणीनं यायचं. तहान आणि भूकही 'मला' लागू शकायची. मध्ययुगाच्या अखेरीला ही वळणं ओसरत गेली आणि 'आय' सगळीकडे कर्ता होऊन बसला. त्यामुळे 'पाश्चात्त्य मन' आणि 'आपलं मन' असले मोठे सिद्धान्त यावर उभारू नका. हा व्याकरणाचा बदल आहे, संस्कृतीचा डीएनए नव्हे.

आणि मराठीला साधी-भोळी ठरवण्याची घाईही नको. हाव, हावरा, वखवखलेला, हपापलेला, हे शब्द इंग्रजीइतकेच निर्दय आहेत. 'लागणे'सुद्धा निष्पाप नाही. पिणारा सांगतो, "दारू लागली." त्याच घरातली बायको म्हणते, "पितो तो." तिच्या वाक्यात कर्ता ठणठणीत आहे! दोन्ही वाक्यांवर एकच 'क्रेव्हिंग' चिकटवलं की नवरा-बायकोचं अख्खं भांडण भाषांतरात गडप होतं, आणि माझ्या प्रकरणाचा विषय खरं तर तेच भांडण आहे.

अप्पादुराईंवर अन्याय नको म्हणून सांगतो. त्यांच्या निबंधात आकांक्षा ही एकट्या माणसाच्या डोक्यातली वस्तू नाहीच. ती माणसामाणसांत घडते, वाट काढण्याच्या कौशल्यासारखी असते, आणि गरिबांना तिचा सराव करण्याची संधी कमी मिळते असं ते मांडतात. 'एक ते पाचमध्ये आकांक्षा सांगा' हा प्रश्न आपण तयार करतो, त्यांनी केलेला नाही. मूळ निबंध न वाचता नुसतं शीर्षक उद्धृत करण्याचा हा परिणाम. (मीही पहिल्या मसुद्यात तेच केलं होतं.)

याची किंमत कळते ती पाण्यापाशी. "पाणी पाहिजे" या वाक्यात इच्छा, गरज आणि मागणी तिन्ही एकत्र नांदतात. इंग्रजीत एक निवडावं लागतं: वाँट, नीड की डिमांड. भातसा आणि तानसा ही शहापूर तालुक्यातली धरणं. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आणि तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला, कोरड घशाला. अशा विषयावर लिहिताना मुंबईच्या वाट्याला सहज 'डिमांड' येतो आणि पाड्याच्या वाट्याला 'नीड'. डिमांड वाढते, तिचे अंदाज काढतात, तिच्यासाठी नवी धरणं आखतात. नीडला मात्र कमाल मर्यादा असल्यासारखी वागणूक मिळते. शहरासाठी नेहमीचा मापदंड दरडोई रोज १३५ लिटर, २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये गावासाठी ५५. पाड्यावरची बाई "पाणी पाहिजे" म्हणाली तेव्हा तिनं आकडा सांगितला नव्हता. तिला दारात फुलझाडंही लावायची असतील. 'नीड' लिहिलं की ती फुलझाडं वाळली.

सध्या मी आस, ओढ, नाद हे शब्द प्रबंधात तसेच ठेवतो, पहिल्यांदा येतात तिथे दोन ओळींत अर्थ देतो आणि वाक्य 'मला'सकट उतरवतो. इंग्रजी थोडं अवघडतं. मार्गदर्शकांनी समासात दोनदा प्रश्नचिन्ह काढलं आहे.

'हौस'चं मात्र अजून जमलेलं नाही. अरबी-फारसीतल्या 'हवस'वरून आलेला हा शब्द. तिकडे त्यात वासनेची धग आहे, मराठीत येऊन तो लग्नात, दागिन्यात, म्हशाच्या यात्रेतल्या पाळण्यात रमला. कर्ज काढून पोरीच्या लग्नात बँड लावला, का? "हौस होती." घरखर्चाच्या तक्त्यात याला रकाना एकच, 'अनावश्यक'. 'डिझायर' लिहिलं तर फार गरम होतं, 'विश' लिहिलं तर फार थंड. तो रकाना मी अजून पेन्सिलीनंच भरलेला आहे.