नारा येथील काष्ठद्वारपाल

जपानमधील नारा येथील तोदाई-जी विहाराच्या दक्षिण महाद्वारातील दोन द्वारपालांना छायाचित्रांवरून ‘अतिरंजित’ ठरविणे अन्यायाचे आहे. सुमारे ८.४ मीटर उंचीच्या या मूर्ती इ. स. १२०३ मध्ये अवघ्या ६९ दिवसांत, हजारो लाकडी तुकडे सांधून उभ्या राहिल्या. १९८८ ते १९९३ च्या दुरुस्तीत दिसून आले की, बेंबी व स्तनाग्रे यांच्या जागा शिल्पींनी मागाहून बदलल्या होत्या. खालून पाहणाऱ्या उपासकाच्या दृष्टीसाठी! मिटल्या मुखाच्या मूर्तीत सापडलेल्या लेखांत प्रमुख शिल्पी म्हणून जोकाकू व तांकेई यांची नावे आहेत. तरीही दोन्ही मूर्ती सर्रास उनकेई-काईकेई यांच्याच नावे सांगितल्या जातात. एकूण कामावर उनकेई यांची देखरेख असेलही. सहशिल्पींची नावे गाळण्यास तेवढे कारण पुरत नाही.