छंद जोपासतो, नाद लागतो

'माझा आवडता छंद' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलाय. आम्ही मास्तर मंडळींनी तर तो गठ्ठ्यांनी तपासला. बहुतेकांचा छंद वाचन, आणि शेवटी 'या छंदामुळे माझे जीवन समृद्ध झाले' हे वाक्य ठरलेलं. आम्ही गुण देत गेलो. खोटं लिहिण्याची पहिली शिकवणी आम्हीच घेतली, असं आता वाटतं.

या निबंधाचा दोष भाषेचा नाही, विचाराचा आहे. आपली मराठी काय सांगते बघा. छंद आपण 'जोपासतो'. तिथे कर्ते आपण. नाद मात्र आपल्याला 'लागतो', वेड 'लागतं'. तिथे कर्तेपण हातून सुटतं. 'पॅशन' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचाही अर्थ सोसणं असाच आहे. म्हणून आवडीवरचा निबंध 'मी'पासून सुरू झाला तर एक वेळ चालेल. ध्यासावरचा निबंध ज्या गोष्टीने आपल्याला धरलं, तिच्यापासूनच सुरू व्हायला हवा.

सलीम अलींचं उदाहरण घेऊ. त्यांचं आत्मचरित्र, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', १९८५ साली आलं. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी ती ओळखली, शिवाय संस्थेतला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. हे वाचल्यावर 'मला पक्षी फार आवडतात' या वाक्याची गरजच उरत नाही. तो पिवळा डाग पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हा ध्यास पक्षी मारण्यातून सुरू झाला. आमच्या शालेय निबंधाने ते नक्की गाळलं असतं. सलीम अलींनी तर पुस्तकाचं नावच त्यावरून ठेवलं.

मग निबंधात 'मी' नकोच का? हवा, पण मिरवणारा नको, किंमत मोजलेला हवा.

आमच्या एका विद्यार्थ्याने असाच वाचनावर निबंध लिहिला होता. पुढे कळलं, तो जुनी घड्याळं उघडून बसायचा; घरातलं एक कायमचं बिघडवलं म्हणून मारही खाल्ला होता. "मग हे का नाही लिहिलंस?" आम्ही विचारलं. तो म्हणाला, "त्याला मार्क मिळतात का, सर?"

त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. आज सांगतो: बाबा रे, त्या बिघडलेल्या घड्याळापासूनच सुरुवात कर.