गणवेशाची निष्ठा : 'बिली बड'मधील कर्तव्यविचार

हर्मन मेल्व्हिलच्या मृत्यूसमयी (१८९१) 'बिली बड' या लघुकादंबरीचे हस्तलिखित अपुरेच होते. ते प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये. तेव्हापासून समीक्षेत दोन तट आहेत. एकाला कॅप्टन व्हिअर कर्तव्यापुढे करुणेचा बळी देणारा शोकात्म नायक वाटतो. दुसऱ्याला शिस्तीचा क्रूर हस्तक. कर्तव्य कोणते हे निश्चित होते, असे मात्र दोन्ही तट गृहीत धरतात. संहितेत या गृहीतकाला आधार सापडत नाही.

कथानक १७९७ चे आहे. स्पिटहेड व नोअर येथील बंडांनी ब्रिटिश नौदल हादरलेले आहे. खोट्या आरोपाने वाचा बसलेला बिली क्लॅगार्टवर प्रहार करतो आणि क्लॅगार्ट मरतो. प्रेताशेजारीच व्हिअर बिलीच्या फाशीचा उद्गार काढतो. न्यायासन बसते ते नंतर. तेथे तो एकमेव साक्षीदार आहे, न्यायाधीश त्यानेच नेमलेले आहेत आणि ते कचरू लागताच अभियोक्ताही तोच होतो. ताफ्याला जाऊन मिळेपर्यंत थांबून प्रकरण ॲडमिरलकडे सोपवावे, असे जहाजावरील शल्यवैद्याला वाटते. अन्य अधिकाऱ्यांचेही मत तेच. वैद्याला तर कॅप्टनच्या मनःस्थितीचीच शंका येते, आणि निवेदक तिचा निवाडा वाचकावर टाकून बाजूला होतो.

अंगावरील बटणे निसर्गाशी नव्हे, राजाशी निष्ठा सांगतात, हा व्हिअरचा प्रसिद्ध युक्तिवाद या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. राजाचे नियम पाळायचे, तर मृत्युदंडाचा अधिकार रीतसर कोर्ट मार्शलचा होता. एका जहाजावर घाईने जमविलेल्या तिघांचा नव्हे. म्हणजे सद्सद्विवेकाला गप्प करणारी ही निष्ठा स्वतः नियमही ओलांडते. व्हिअर ज्याला कर्तव्य म्हणतो, ते भयाने घेतलेल्या निर्णयाला मागाहून चढविलेले वस्त्र आहे.

मेल्व्हिलला हे पुस्तकी ज्ञान नव्हते. १८४३-४४ मध्ये त्याने अमेरिकी युद्धनौकेवर खलाशी म्हणून काम केले होते. 'व्हाइट जॅकेट'मध्ये (१८५०) त्याने फटक्यांच्या शिक्षेवर कठोर हल्ला चढविला. १८४२ मध्ये 'सॉमर्स' या अमेरिकी जहाजावर बंडाच्या संशयावरून तिघांना फाशी देण्यात आले. त्यांपैकी एक युद्धमंत्र्याचा मुलगा होता. जहाजावरचा फर्स्ट लेफ्टनंट हा मेल्व्हिलचा मामेभाऊ. कमांडर मॅकेन्झी पुढे निर्दोष सुटला. 'बिली बड'चा निवेदक या प्रकरणाचा नामनिर्देश करतो आणि तुलना न ताणता पुढे सरकतो. हा संयम तटस्थतेचा मानणे भाबडेपणाचे ठरेल.

निवेदनातील मौनेच येथे अधिक बोलतात. व्हिअर व बिली यांची शेवटची भेट बंद दाराआड राहते. अधिकृत वृत्तात बिली खुनशी परकीय ठरतो आणि क्लॅगार्ट देशभक्त. मरताना व्हिअर बिलीचे नाव पुटपुटतो. त्या स्वरात पश्चात्ताप नसावा, हे निवेदक सांगतो तेही परिचारकाच्या शब्दांवर विसंबून. ते शब्द ऐकणारा मरीन अधिकारी त्या न्यायासनावर शिक्षेला सर्वाधिक नाखूश असलेला सदस्य होता. बिली कोण, हे त्याला ठाऊक असते. तो बोलत नाही.