पॉम्पेईचं सर्टिफिकेट आणि तेरची माती

गेल्या वर्षी मी तेरवर एक रील केली होती. हस्तिदंती बाहुलीचा फोटो, मागे ज्वालामुखीचा धूर आणि वर ठळक अक्षरांत ‘पॉम्पेईत सापडलेली लक्ष्मी आमच्या तेरची!’ माझ्या बाकीच्या सगळ्या रील्सपेक्षा ती जास्त चालली. ‘भावा, धाराशिवमध्ये हे पण आहे?’ असे पुण्याच्या मित्रांचे मेसेज आले. तोवर आमच्या जिल्ह्याची ओळख म्हणजे तुळजापूर आणि पावसाळ्यात नळदुर्गचा नर-मादी धबधबा. त्यामुळे छाती फुगली. आज मात्र तीच रील बघवत नाही. त्याचं कारण रीलपुरतं नाही. आपण आपल्या गावाजवळची कला कोणत्या नजरेनं बघतो, याच्याशी ते जोडलेलं आहे.

तेर हे तेरणा नदीकाठचं गाव, जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाची प्रवासवही लिहिली. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशेब त्यात आहे. तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जायची. गावाभोवतीच्या पांढरीत आजही त्या काळाच्या खुणा सापडतात. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या. आज तेरमध्ये त्यांच्या नावानं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. ती हस्तिदंती बाहुली याच संग्रहातली.

आता पॉम्पेई. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या इटालियन शहरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती सध्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. तिच्यात आणि तेरच्या बाहुलीत साम्य आहे, यात वाद नाही. पण तशाच धाटणीची मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही सापडली आहे. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठं घडली, याचा शेवटचा निकाल लागलेला नाही. म्हणजे माझ्या रीलमधलं उद्गारचिन्ह मी पदरचं घातलं होतं.

पण समजा, ती तेरलाच घडली होती. मग काय? माझी खरी तक्रार इथं सुरू होते. तेरवरचा बहुतेक मजकूर उघडून बघा. पहिल्या दोन ओळींत रोम येतं. रोमशी व्यापार, रोमन नाणी, रोममध्ये मागणी. जणू तेरच्या कारागिरानं काय केलं हे महत्त्वाचं नाही, ते कुणी विकत घेतलं हेच महत्त्वाचं. व्यापाराचा इतिहास मोठाच आहे, तो सांगायलाच हवा. पण गिऱ्हाइकाचं नाव सांगणं म्हणजे कलेविषयी बोलणं नव्हे. लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार सांगावा, तसं आपण बाहुलीचं ‘फॉरेन कनेक्शन’ सांगतो आणि बाहुली बघायची राहून जाते.

हे माझ्या लक्षात आणून दिलं आत्यानं. तिला संग्रहालय दाखवायला घेऊन गेलो होतो. मी बाहुलीपाशी उभा राहून पॉम्पेई समजावत होतो आणि आत्या तिथं नव्हतीच. ती मातीच्या भांड्यांपाशी वाकून उभी होती. म्हणाली, “ही कड बघ की रं, कशी वळवलीय. हात बसलेला माणूस हाय.” दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाविषयी ती वर्तमानकाळात बोलत होती.

त्यानंतर मी मातीकडे बघायला लागलो, आणि तेर मला निराळं दिसायला लागलं. इथल्या पांढऱ्या चिकणमातीच्या सातवाहनकालीन छोट्या मूर्ती घ्या. पुढचा आणि मागचा अर्धा भाग वेगवेगळ्या साच्यांतून काढायचा आणि दोन्ही जोडायचे, अशी त्यांची रीत. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ, हलकी. बायकांच्या केशरचना, कानांतले दागिने इतके बारकाईनं केलेले की त्या काळची फॅशन डोळ्यांपुढे येते. हस्तिदंत श्रीमंताघरचा असणार. साच्यातून मात्र एकासारख्या अनेक मूर्ती निघतात. ही जास्त घरांत पोचू शकणारी कला होती. मला ती बाहुलीपेक्षा कमी वाटत नाही.

गावातलं त्रिविक्रमाचं मंदिर हे त्याच मातीचं मोठं रूप. महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या बांधीव वास्तूंमध्ये ते मोजतात. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, म्हणून गजपृष्ठ. ते मुळात बौद्ध चैत्य होतं की पहिल्यापासून विष्णूचं मंदिर, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत. आपली चर्चाही ‘हे कुणाचं?’ इथंच अडकते. मी तुम्हाला छताकडे बघायला सांगेन. विटांचे थर एकेक करून आत सरकवत ती कमान मिटवली आहे. धाराशिवच्या लेण्यांत कारागीर डोंगर पोखरून जागा करतो. इथं तो वीट वीट रचून तशीच जागा उभी करतो. एकाच जिल्ह्यात, तासाभराच्या अंतरात या दोन उलट रीती बघायला मिळतात. यासाठी इटलीची साक्ष लागत नाही.

आणि याच तेरचे गोरोबाकाका. संतमंडळी जमली असताना कुणाचं मडकं पक्कं, कुणाचं कच्चं, हे त्यांनी थापटण्यानं प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला आता ती समीक्षेची गोष्ट वाटते. कोण कुठल्या गावचा, कुणाचा किती नावलौकिक, हे गोरोबा विचारत नाहीत. हातानं वाजवून बघतात. रील करताना मी बाहुलीला एकदाही असं वाजवून पाहिलं नव्हतं. तिचे हात, दागिने, उभं राहण्याची ढब, यातलं काहीच मला आठवत नव्हतं. कच्चं मडकं मीच होतो.

रील मी काढून टाकली. नवी केली, फक्त साच्यातल्या मूर्तींची आणि त्या विटांच्या छताची, पॉम्पेईचं नाव न घेता. जुनीच्या दहावा हिस्साही चालली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी परतताना आत्यानं रस्त्याकडेच्या एका कुंभाराकडे माठ घेतला. मी किमतीची घासाघीस करायला लागलो, तर तिनं मला गप्प केलं. एकेक माठ उचलून बोटांच्या पेरांनी वाजवला, कान लावला, तीन बाजूला ठेवले. चौथा वाजवला आणि कुंभाराकडे बघून म्हणाली, “ह्यो द्या.” तो हसला. दोघांनाही तो आवाज कळला होता. मी गाडीत मांडीवर माठ धरून बसलो आणि घरी येईपर्यंत हळूच वाजवून बघत राहिलो.